नियम मागणारी गर्दी

कुठे मोर्चा निघाला, कुणी रस्ता अडवला, कुणी उपोषणाला बसलं की एक ठरलेला वाद सुरू होतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन अडकतो. एक बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण पुढे करते. घटनात्मक मार्ग मोकळे असताना कायदेभंग, असहकार, सत्याग्रह या साऱ्याला बाबासाहेबांनी ‘अराजकाचं व्याकरण’ म्हटलं होतं. मग आता रस्त्यावर कशासाठी, निवडणूक लढवा नाहीतर कोर्टात जा, असं ही बाजू सांगते. दुसरी बाजू म्हणते की हक्क कुणी ताटात वाढून देत नाही, ते हिसकावूनच घ्यावे लागतात. घटना म्हणजे शेवटी कागद, खरी सत्ता लोकांची. वाद रंगतो, टाळ्या पडतात आणि मूळ प्रश्नाला कुणी हातच लावत नाही. घटनात्मक राज्य जगात आलं कुठून, आणि ते टिकतं कशामुळे? याचा इतिहास भरपूर उपलब्ध आहे. तो नीट पाहिला तर दोन्ही बाजूंना आपली अर्धीअधिक भाषणं गुंडाळून ठेवावी लागतील.

माझी भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी. घटनात्मक राज्य लोकलढ्यांनी घडवलं आणि त्याची डागडुजीही लोकलढ्यांनीच होत आली आहे. म्हणून सगळेच लढे घटनेच्या बाजूचे असतात असं मात्र नाही. लढा पारखायचा तर त्याच्या गर्दीचा आकडा पुरत नाही, आणि तो शांततेत पार पडला एवढंही पुरत नाही. तो मागतो काय, हे पाहावं लागतं. जो नियम उद्या मागणाऱ्यांनाही बांधून ठेवेल असा नियम मागणारी गर्दी वेगळी, आणि एखादा तारणहार किंवा एखाद्या शत्रूचं डोकं मागणारी गर्दी वेगळी. पहिलीने घटना लिहायला लावल्या. दुसरीने त्या बुडवल्या, काही वेळा तर फुलं उधळत बुडवल्या.

महाडपासून सुरुवात करू. ‘अराजकाचं व्याकरण’ हे शब्द ज्यांचे, त्यांनी स्वतः तिथे काय केलं हे त्या शब्दांचा हवाला देणारे क्वचितच सांगतात. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तो आपल्या हद्दीत लागू केला. कागदोपत्री चवदार तळं खुलं झालं, पण पुढची तीन वर्षं त्या पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. 20 मार्च 1927 ला परिषदेला जमलेले हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. त्या दिवशी कुठलाही कायदा मोडला गेला नाही, उलट पडून राहिलेला ठराव पहिल्यांदा पाळला गेला. यानंतर देवळात शिरण्याची अफवा पसरवून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, मांडवातलं अन्न मातीत गेलं. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई होते, उलट मारायची ताकद होती, तरी बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबर 1927 चा प्रसंग तर आणखी बारकाईने पाहावा असा आहे. दुसऱ्या सत्याग्रहासाठी लोक पुन्हा महाडला जमले. त्याआधी काही दिवस स्पृश्य मंडळींनी, तळं खासगी मालकीचं आहे असा दावा लावून कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. जमलेल्यांचा कल हुकूम मोडून पाणी घेण्याकडे होता. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं होतं, वातावरण तापलेलं होतं. बाबासाहेबांनी लोकांची समजूत घातली, सत्याग्रह पुढे ढकलला आणि तळ्याला वळसा घालून शांतपणे मिरवणूक नेली. खटला खालच्या कोर्टांतून वर सरकत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला, मोर्चानंतर दहा वर्षांनी. तोसुद्धा माणसं समान आहेत या कारणावर नाही. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. समानतेचं तत्त्व कायद्यात यायला 1950 उजाडावं लागलं. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादी आहे. देशाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात तलावाचा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न एखाद्या परक्या वाचकाला पडेल. महाडचा इतिहास ठाऊक असलेल्याला पडणार नाही.

आता या एका उदाहरणात रस्ता कुठे संपतो आणि घटनात्मक मार्ग कुठे सुरू होतो, हे कुणी रेघ मारून दाखवावं. ठराव, मोर्चा, संयम, खटला, पुन्हा मिरवणूक, आणि अखेर घटनेतलं कलम. एक दुवा काढला की पुढचा गळून पडतो. मोर्चा नसता तर खटला झाला नसता, आणि मनाई हुकूम पाळला नसता तर पुढे कायद्याच्या नावाने बोलण्याचा अधिकारच उरला नसता.

यावर समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा की महाडच्या वेळी परकं राज्य होतं. मतदानाचा हक्क मूठभरांना, कायदेमंडळ अर्धवट, मूलभूत हक्कांचा पत्ता नाही. बाबासाहेबांनीही त्या भाषणात हा फरक स्पष्ट केला होता. मार्गच नव्हते तेव्हा घटनाबाह्य पद्धतींचं बरंच समर्थन करता येत होतं. मार्ग मोकळे झाल्यावर ते संपलं, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा मी मान्य करतो. प्रत्येक मताला सारखी किंमत असलेल्या देशात एका गटाने चौक अडवून सरकारला वाकवलं, तर उद्या त्याहून मोठा गट त्याहून मोठा चौक अडवील. मग ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाहीत, संघटना नाही, जातीची संख्या नाही, त्यांनी कुठे जायचं? रस्त्यावरची स्पर्धा नेहमी बलवानच जिंकतो, आणि दुर्बळाला मुळात घटनेची गरज लागते ती याचसाठी.

इतिहासातही या भीतीला आधार आहे. 2 जून 1793 ला पॅरिसमधल्या सशस्त्र जमावाने तोफा लावून राष्ट्रीय सभेला वेढा दिला आणि निवडून आलेल्या जिरोंदँ या मवाळ गटाच्या प्रतिनिधींना अटक करायला लावलं. लोकांच्या नावाने झालेली ही कृती होती. त्याच महिन्यात सभेने तोवरची सर्वांत लोकशाहीवादी म्हणावी अशी घटना पूर्ण केली, जनमत घेऊन ती मंजूरही झाली आणि ऑक्टोबरमध्ये शांतता प्रस्थापित होईपर्यंत बाजूला ठेवली गेली. ती कधीच अमलात आली नाही. पुढच्या वर्षी क्रांतीचा जहाल नेता रोबेस्पिएर खुद्द कायद्याच्या संरक्षणाबाहेर ठरवला गेला आणि खटल्याशिवाय गिलोटिनवर गेला. इजिप्तमध्ये 2011 च्या फेब्रुवारीत तहरीर चौकातल्या लोकांनी राष्ट्राध्यक्ष मुबारक यांना घालवलं. दोनच वर्षांनी, निवडून आलेल्या मोर्सींनी आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेल्यावर, 30 जून 2013 ला पुन्हा अफाट गर्दी जमली. तिचा संताप रास्त होता. पण त्या गर्दीतल्या अनेकांनी लष्कराला हाक मारली, लष्कर 3 जुलैला आलं आणि मग परत गेलंच नाही. ‘खरी सत्ता लोकांची’ म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा विसरू नयेत. देश वेगळे, शतकं वेगळी, पण दोन्ही ठिकाणी गर्दीने नियमाऐवजी माणसांबद्दलचा निवाडा मागितला, आणि तो करायला सगळ्यात बलवान असलेला हात पुढे आला.

एवढं मान्य केल्यावरही ‘रस्ता सोडा, संस्थांवर विश्वास ठेवा’ हा निष्कर्ष निघत नाही. कारण संस्थाही चुकतात, आणि त्या चुकतात तेव्हा अगदी विद्वत्तापूर्ण भाषेत चुकतात.

इंग्लंडमधल्या चार्टिस्टांची, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगारांच्या चळवळीची, गोष्ट पाहा. 1838 च्या त्यांच्या सनदेत सहा मागण्या होत्या: प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, उमेदवारीला मालमत्तेची अट नको, खासदारांना वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक. (स्त्रियांचं मत सनदेत नव्हतं, ही तिची मोठी उणीव.) या मागण्या कशा आहेत ते बघा. यात कुणाचा सूड नाही, कुणाला मंत्री करा असं नाही. सगळे नियमच आहेत. 1842 मध्ये तीस लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज मिरवणुकीने पार्लमेंटवर नेला, तर तो दारातून आत जाईना. चौकट काढूनही जमेना, तेव्हा तुकडे करून सभागृहात नेऊन ढीग घातला. आपल्याला शिक्षणाच्या टिपणामुळे ठाऊक असलेले मेकॉले दुसऱ्या दिवशी त्यावर बोलले. सार्वत्रिक मताधिकार संस्कृतीच्या अस्तित्वाशीच विसंगत आहे, असं त्यांनी सांगितलं. अर्जदारांचं म्हणणं सभागृहापुढे येऊन मांडू द्यावं इतकीच विनंती होती. ती 49 विरुद्ध 287 मतांनी फेटाळली गेली. मेकॉले अडाणी नव्हते, आणि त्यांना वाटणारी भीतीही खरी होती: गरिबांच्या हाती मत गेलं की मालमत्ता लुटली जाईल. पण संसदीय मार्ग मोकळा आहे असं सांगणारे हेच लोक त्या मार्गाच्या दारावर उभे होते. ज्यांना मतच नाही त्यांनी मतपेटीतून बदल घडवावा, हा सल्ला कसला?

सनदेतली मालमत्तेची अट 1858 ला गेली, गुप्त मतदान 1872 ला आलं, खासदारांना वेतन 1911 ला, सर्व प्रौढ पुरुषांना मत 1918 ला आणि स्त्रियांना बरोबरीचं मत 1928 ला. दरवर्षीची निवडणूक तेवढी आली नाही, आणि नाही आली तेच बरं. पार्लमेंटने शहाणपणाने, टप्प्याटप्प्याने सुधारणा केल्या असं हा इतिहास सांगणारे म्हणतात. टप्पे होते हे खरं. पण प्रत्येक टप्प्याआधी मैदानं भरलेली होती, तुरुंग भरलेले होते, आणि 16 ऑगस्ट 1819 ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर घोडदळाने सभेत घुसून मारलेली माणसं आठवणीत होती. ती साठेक हजारांची सभा निःशस्त्र होती. बायका पांढरे कपडे घालून, मुलं घेऊन आल्या होत्या. त्या हत्याकांडानंतर सरकारने काय केलं? वर्ष संपायच्या आत कायदे करून पन्नासहून अधिक माणसांच्या राजकीय सभांवर निर्बंध आणले. दुसऱ्या बाजूला हेही खरं की 1839 मध्ये न्यूपोर्टला चार्टिस्टांनी शस्त्रं घेऊन उठाव केला, वीसच्या आसपास माणसं मेली, आणि त्यातून सनदेतलं एक अक्षरही पुढे सरकलं नाही. तीस लाख सह्यांना ‘झुंडशाही’ म्हणणं सरकारला त्या उठावानंतर सोपं झालं.

आपल्या न्यायालयांचंही तेच. आणीबाणीत अटक झालेल्यांना हेबियस कॉर्पस मागता येतं, म्हणजे अटक बेकायदा असल्याची दाद न्यायालयात मागता येते, असा निकाल नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरवला. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर काय? आणीबाणी असेतो त्यावरही न्यायालयीन उपाय नाही, असं सरकारच्या बाजूने उत्तर आलं. विरोधात निकाल देणारे एकटे खन्ना होते आणि त्यांना सरन्यायाधीशपद नाकारण्यात आलं. ही चूक दुरुस्त केली कुणी? सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द केला 2017 मध्ये. त्याच्या चाळीस वर्षं आधी, 1977 च्या निवडणुकीत, मतदारांनी तो प्रश्न निकालात काढला होता आणि 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. आणीबाणीआधीच्या आंदोलनावर टीका होते, आणि ती सगळी खोटी नाही. निवडून आलेली बिहार विधानसभा मुदतीआधी बरखास्त करा, ही मागणी नियम मागणारी नव्हती. पण तुरुंगात गेलेल्या माणसांनी बाहेर आल्यावर जे मिळवलं ते कलम होतं, आणि ते कलम आज त्यांच्या विरोधकांचंही रक्षण करतं.

माझा सगळा युक्तिवाद एका ठिकाणी तपासायचा असेल तर मी दक्षिण कोरिया निवडीन. 1987 च्या जानेवारीत पार्क जोंग-चोल या विद्यार्थ्याचा पोलिसांच्या ताब्यात छळामुळे मृत्यू झाला. अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटला आणि तो दचकून मेला, असा खुलासा पोलिसांनी केला. जूनमध्ये देशभर लोक रस्त्यावर आले. अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागून जखमी झालेला ली हान-योल हा दुसरा विद्यार्थी जुलैत मरण पावला. संताप किती असेल? तरीही त्या आंदोलनाची मध्यवर्ती मागणी एक नियम होता: राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडा आणि त्यासाठी घटना दुरुस्त करा. 29 जूनला लष्करी राजवटीचा वारसदार रो ते-वू याने ती मान्य केली. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली आणि तीत कोण जिंकलं? तोच रो ते-वू. किम यंग-साम आणि किम दे-जुंग या दोन विरोधी नेत्यांत मतं विभागली गेली आणि सदतीस टक्क्यांहून कमी मतांवर राजवटीचा माणूस थेट निवडून आला. ज्यांनी रक्त सांडून नियम मिळवला, ते त्याच नियमाने पहिल्या फेरीत हरले. त्यांनी हार स्वीकारली. पाच वर्षांनी किम यंग-साम निवडून आले, दहा वर्षांनी किम दे-जुंग. निदर्शकांनी 1987 मध्ये रो ते-वूचं डोकं मागितलं असतं तर कदाचित तेही मिळालं असतं. मग पुढच्या माणसाला हटवायचं कसं, हे कुणालाच कळलं नसतं.

त्याच घटनेने निर्माण झालेल्या संविधान न्यायालयाने मार्च 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांना पदावरून दूर केलं, तेही महिनोन्‌महिने चाललेल्या मेणबत्ती निदर्शनांनंतर. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला. राष्ट्रीय सभेने बहुमताने मागणी केली तर तो उठवावाच लागतो, असं तिथल्या घटनेत लिहिलेलं आहे. लिहिलेलं असून भागत नव्हतं, सदस्य सभागृहात पोचायला हवे होते, आणि हेलिकॉप्टरने सैनिक आवारात उतरले होते. हजारो नागरिक मध्यरात्री तिथे धावले, सैनिकांच्या गाड्यांपुढे उभे राहिले. काही सदस्य भिंतीवरून चढून आत गेले. 190 सदस्यांनी एकमताने ठराव मंजूर केला आणि पहाटे लष्करी कायदा मागे घेतला गेला. पुढच्या एप्रिलमध्ये संविधान न्यायालयाने युन यांना पदच्युत केलं. त्या रात्री रस्त्यावर आलेले लोक घटनेच्या आत होते की बाहेर? ‘कोर्टात जा’ हा सल्ला त्या वेळी कुणी दिला असता तर कोर्ट उघडेपर्यंत संसद उरली असती का?

गैरसोयीचा मुद्दाही टाळता येणार नाही, कारण तो सामान्य माणसाचा मुद्दा आहे. रुग्णवाहिका अडकते, रोजंदारी बुडते, परीक्षा चुकते. निःशस्त्र आणि शांततेने एकत्र जमण्याचा हक्क अनुच्छेद 19 मध्येच आहे, म्हणजे मोर्चा हा घटनेवर बाहेरून आलेला हल्ला नव्हे. आणि सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, पण त्या सरसकट बंद करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल शाह खटल्यात 1972 लाच म्हटलं आहे. त्याच न्यायालयाने 2020 मध्ये शाहीनबागच्या संदर्भात, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असंही सांगितलं. मला दोन्ही निकाल पटतात. आपल्या मागणीसाठी तिऱ्हाइताला किती वेळ, किती त्रास द्यायचा याचं भान नसलेलं आंदोलन नियम मागत असलं तरी स्वतः नियम पाळत नसतं. पण गैरसोय होते म्हणून आंदोलनच नको, असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: 1927 साली महाडच्या अनेक घरांना तळ्यावरची ती रांग कमालीची गैरसोयीची वाटली होती.

बाबासाहेबांच्या भाषणातला पहिला इशारा पाठ असणाऱ्यांना तिसरा सहसा आठवत नाही. 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगत आयुष्यात आपण पाऊल टाकतो आहोत. ही विसंगती शक्य तितक्या लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक राजकीय लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असं ते म्हणाले. पहिला इशारा आंदोलकांना आहे, तिसरा सत्तेवर बसलेल्यांना. दोन्ही एकाच श्वासात दिले होते. पहिल्याची अंमलबजावणी करायला पोलिस आहेत, जमावबंदी आहे. तिसऱ्याची अंमलबजावणी लोकांनी आठवण करून दिल्याशिवाय एकाही सरकारने केल्याचं मला माहीत नाही. शिवाय पहिल्या इशाऱ्यातही मार्ग मोकळे असण्याची अट आहे, आणि मार्ग आपोआप मोकळे राहत नाहीत.

राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने ही अट फार मोलाने पुढे नेली. दुष्काळी कामांवर मजुरी कमी का मिळते, या प्रश्नापासून सुरुवात झाली. कागद पाहू द्या म्हटलं तर अधिकारी गुप्ततेचं कारण देत. 1994 च्या डिसेंबरात कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेली हजेरीपत्रकं मंडपात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली: अमुक माणसाने इतके दिवस काम केलं, इतकी मजुरी घेतली. ऐकणारे लोक उठून सांगत की हा तर कधीच गाव सोडून गेला, या कामावर मी एक दिवसही नव्हतो, ही इमारत पूर्ण झालीच नाही. भाषण नाही, घोषणा नाही, नुसतं वाचन. आणि प्रत्येक नावागणिक चोरी उघडी पडत होती. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथलीच. त्या ठेकेदाराला फाशी द्या, या अधिकाऱ्याला हाकला, अशी मागणी सहज करता आली असती आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी मागितलं ते असं की कुठल्याही गावातल्या कुठल्याही माणसाला सरकारी कागदाची प्रत मिळाली पाहिजे. यातूनच उभ्या राहिलेल्या देशव्यापी मोहिमेनंतर 2005 चा माहिती अधिकार कायदा आला, आणि तो आंदोलनाच्या विरोधकांनाही सारखाच वापरता येतो.

कायदा झाल्यावर वर्षभरातच, 2006 मध्ये, फायलींवरचे शेरे त्यातून वगळण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने मंजूर केला होता. लोक पुन्हा रस्त्यावर उतरले आणि तो मागे पडला. 2019 मध्ये माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे देणारी दुरुस्ती संसदेत मांडली गेली. विरोध तेव्हाही झाला, पण संसदेतलं बहुमत मोठं होतं, बाहेरचा दबाव कमी पडला आणि दुरुस्ती मंजूर झाली. आयुक्तांच्या जागा महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात, अपिलं साचत जातात. एखाद्या गावातल्या मजुराने माहिती मागितली, नकार आला, पहिलं अपील फेटाळलं गेलं आणि दुसरं आयोगाकडे पडून आहे, असं धरू. कायद्याने त्याच्यापुढचा मार्ग अजून मोकळाच आहे. तो धरण्याला बसला की त्याला रीतसर मार्गाने जायला सांगणाऱ्यांनी आधी त्या दुसऱ्या अपिलाची सुनावणी कधी आहे ते विचारून यावं.